आयसीयूतली उपशामक सेवा: पहिल्या दिवसाचे काम

'प्रकृती अत्यंत गंभीर. नातेवाइकांना कल्पना दिली. सही घेतली.' अतिदक्षता विभागातल्या केसपेपरवर ही ओळ रोज लिहिली जाते. रेसिडेंट लिहितो, मुलगा किंवा पुतण्या सही करतो आणि दोघेही आपापल्या वाटेने जातात. रुग्णाला कुठे दुखते आहे, तहान लागली आहे का, शुद्धीवर असताना तो घरच्यांजवळ काय बोलला होता, यातले काही त्या पाच मिनिटांत विचारले गेले की नाही, हे त्या ओळीवरून कळत नाही. बहुतेक वेळा विचारलेले नसते.

पॅलिएटिव्ह केअर म्हटले की डॉक्टरांच्याही डोळ्यांसमोर कॅन्सर आणि शेवटचे दिवस एवढेच येते. त्याला इतिहास आहे. सिसिली सॉन्डर्स यांनी 1967 मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले ते प्रामुख्याने अशाच रुग्णांसाठी. मुंबईत वांद्र्याला 1986 मध्ये शांती आवेदना सदन उभे राहिले तेही कॅन्सरच्या रुग्णांसाठीच. त्यामुळे आयसीयूत समज अशी रुजली की उपशामक सेवा हा दुसऱ्या विभागाचा विषय आहे आणि आपले उपाय संपले की त्यांना बोलवायचे. ही समज रुग्णाचे नुकसान करते. व्हेंटिलेटर चालू असताना, नॉरअ‍ॅड्रेनलिन चढत असताना, डायलिसिसचा निर्णय होत असताना उपशामक सेवा त्याच टीमने, दाखल झाल्या दिवसापासून द्यायची असते. रुग्ण बरा होऊन घरी जाणार असला तरीसुद्धा.

सुरुवात वेदनेपासून करू. घशात नळी असलेला माणूस 'दुखतंय' म्हणू शकत नाही, म्हणून त्याचे दुखणे चार्टवर उमटत नाही. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या 'थंडर 2' या अभ्यासात ड्रेन काढणे, सक्शन, ड्रेसिंग अशा नेहमीच्या प्रक्रियांमध्ये प्रौढ रुग्णांना सर्वांत वेदनादायी काय वाटले, तर कूस बदलणे. दर दोन तासांनी, बेडसोअर होऊ नये म्हणून, अत्यंत चांगल्या हेतूने केली जाणारी गोष्ट! ती टाळायची नाही, पण तिच्या आधी वेदनाशामकाचा डोस द्यायला काय हरकत आहे? न बोलणाऱ्या रुग्णाची वेदना मोजण्यासाठी कॅनडातल्या सेलिन जेलिना यांनी तयार केलेली सीपॉट ही पट्टी आहे. चेहरा, हालचाल, स्नायूंचा ताठरपणा आणि व्हेंटिलेटरशी जुळवून घेणे, प्रत्येकी शून्य ते दोन, एकूण आठ गुण. सिस्टरना शिकायला फार वेळ लागत नाही. नाडी आणि रक्तदाबाच्या रकान्याशेजारी तिचा रकाना छापला, तर राउंडला त्याबद्दल बोलावेच लागते.

तहानेचे तर कोणी नावही घेत नाही. कॅथलीन पुंटिलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये दाखवून दिले, की गार निर्जंतुक पाण्याचा फवारा, ओल्या स्वॅबने तोंड पुसणे आणि ओठांना मलम एवढ्यानेही रुग्णांची तहान लक्षणीय कमी होते. महागड्या मॉनिटरखाली झोपलेल्या माणसाला एवढे मिळत नसेल, तर ती साधनांची टंचाई म्हणता येणार नाही.

नातेवाइकांशी बोलणे हा याहून अवघड भाग. 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सपोर्ट' या नऊ हजारांवर रुग्णांच्या अमेरिकी अभ्यासाने डॉक्टरांना आरसा दाखवला. सीपीआर नको असे वाटणाऱ्या रुग्णांपैकी निम्म्यांहून कमी जणांच्या डॉक्टरांना ती इच्छा ठाऊक होती. त्यानंतर फ्रान्समधल्या 22 आयसीयूंत एक साधा प्रयोग झाला, 2007 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. मरणासन्न रुग्णांच्या घरच्यांशी ठरवून, बसून बैठक घेतली आणि एक माहितीपत्रक दिले. बैठक साधारण वीसऐवजी तीस मिनिटे चालली. खरा फरक पुढे आहे: घरचे लोक पाचऐवजी चौदा मिनिटे बोलले. तीन महिन्यांनी मानसिक आघाताची लक्षणे असलेल्यांचे प्रमाण 69 टक्क्यांऐवजी 45 टक्के निघाले. म्हणजे डॉक्टरांनी आपल्या वाट्याचा वेळ वाढवला नाही, ऐकण्याचा वाढवला.

मग पॅलिएटिव्ह तज्ज्ञांना बोलावून बैठका घेतल्या की झाले? अमेरिकेत नेमके हेच करून पाहिले गेले. दीर्घकाळ व्हेंटिलेटरवर असलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी बाहेरच्या तज्ज्ञांनी माहितीच्या बैठका घेतल्या. 2016 मध्ये निकाल आला तेव्हा नातेवाइकांची चिंता किंवा नैराश्य कमी झालेले नव्हते आणि आघाताची लक्षणे उलट थोडी वाढलेली होती. याच्या शेजारी 2022 चा 34 फ्रेंच आयसीयूंचा अभ्यास ठेवून पाहावा. तिथे रोज उपचार करणाऱ्या डॉक्टर आणि परिचारिकेनेच तीन वेळा कुटुंबाला भेटायचे होते: मृत्यूआधी बैठकीत, अखेरच्या तासांत खाटेजवळ आणि मृत्यूनंतर पुन्हा एकदा. सहा महिन्यांनी दीर्घ शोकाची लक्षणे असलेल्या नातेवाइकांचे प्रमाण 21 टक्क्यांऐवजी 15 टक्के निघाले. दोन्ही अभ्यासांतले रुग्ण वेगळे, पद्धत वेगळी, हे मान्य. तरीही हा धडा घ्यायलाच हवा: जो माणूस रोज व्हेंटिलेटरची सेटिंग बदलतो, त्याच्याच तोंडून घरच्यांना ऐकायचे असते. हे काम दुसऱ्यावर सोपवता येत नाही. तज्ज्ञ हवेतच, अवघड लक्षणांसाठी, टीममध्ये मतभेद झाले तर, आणि शिकवण्यासाठी.

आपल्याकडे बैठकीत आणखी एक अडचण असते. सही करणारा एक, पैसे भरणारा दुसरा आणि निर्णय घेणारा तिसराच, बहुधा पुण्याहून किंवा अमेरिकेहून फोनवर. 'जे काय करायचं ते करा, डॉक्टर' हे वाक्य कोणाच्या वतीने आले आहे, हे विचारून घ्यावे लागते. आणि सासूची पाच वर्षे शुश्रूषा केलेली सून दाराशी उभी असते. सासूबाईंना काय हवे होते हे तिला सगळ्यात नीट ठाऊक असते, पण तिला कोणी विचारत नाही. तिला खुर्ची द्यावी.

निर्णयाची घाई नको असेल, तर मुदत ठरवून उपचार करणे हा मार्ग आहे. उदाहरणार्थ, सेप्टिक शॉकमधल्या वयस्कर रुग्णाबाबत पहिल्याच दिवशी सांगायचे: बहात्तर तास सर्व उपचार पूर्ण ताकदीने करू. लॅक्टेट, लघवी, रक्तदाबाच्या औषधांचा डोस यांत सुधारणा दिसते का ते पाहू आणि गुरुवारी सकाळी पुन्हा बसू. लॉस एंजेलिसमधल्या तीन सरकारी रुग्णालयांनी ही पद्धत राबवली, तेव्हा आयसीयूतल्या मुक्कामाचा मध्यक 8.7 दिवसांवरून 7.4 दिवसांवर आला. मृत्यूचे प्रमाण मात्र जवळजवळ तेवढेच राहिले. उपशामक विचार शिरला की रुग्ण लवकर जातात, ही भीती ज्यांना वाटते त्यांनी हा शेवटचा आकडा लक्षात ठेवावा.

असे बोलणे वेळेवर झाले नाही की काय होते, ते महाराष्ट्रातल्या प्रत्येक आयसीयूला माहीत आहे. दहाव्या-बाराव्या दिवशी पैसे संपतात, घरचे 'आता घरी नेतो' म्हणतात, 'डामा'चा फॉर्म पुढे केला जातो आणि अँब्युलन्समध्ये भाऊ अँबू बॅग दाबत गावाकडे निघतो. कागदावर ते 'वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध' असते. प्रत्यक्षात तो सल्ला अनेकदा डॉक्टरांनीच सूचकपणे दिलेला असतो, फक्त त्याची जबाबदारी घेतलेली नसते. अशा रुग्णासोबत मॉर्फिन नसते, धाप लागली तर काय करायचे याची चिठ्ठी नसते, फोन करायला नंबर नसतो. घरी मरण येणे ही अनेक कुटुंबांची मनापासूनची इच्छा असते. ती इच्छा पुरी करायची तर औषधे, लेखी सूचना आणि गावातल्या डॉक्टरशी केलेले बोलणे, हे सगळे सोबत द्यायला हवे. मॉर्फिनसाठी 2014 च्या दुरुस्तीने अंमली पदार्थविरोधी कायदा सोपा केला आहे. मान्यताप्राप्त संस्थेला आता अनेक परवान्यांमागे धावावे लागत नाही. आपल्या रुग्णालयाने ती मान्यता घेतली आहे का, हे प्रत्येक आयसीयू प्रमुखाने तपासावे.

राहिला कायदा. जीवरक्षक उपचार थांबवण्याविषयीचा भारतीय कायदा मुंबईतल्या केईएमच्या एका वॉर्डातून सुरू झाला. तिथली परिचारिका अरुणा शानबाग तिच्यावर झालेल्या 1973 च्या हल्ल्यानंतर 2015 पर्यंत त्याच रुग्णालयात राहिली आणि तिच्या सहकारी परिचारिकांनी पिढ्यान्‌पिढ्या तिची सेवा केली. 2011 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाबतीत परवानगी नाकारली, तत्त्व मात्र मान्य केले. 9 मार्च 2018 रोजी 'कॉमन कॉज' प्रकरणात पाच न्यायमूर्तींनी सन्मानाने मरण्याचा हक्क कलम 21 मध्ये असल्याचे सांगितले. पण घालून दिलेली पद्धत इतकी किचकट होती, की ती फारशी वापरलीच गेली नाही. जानेवारी 2023 मध्ये न्यायालयाने ती सुटसुटीत केली. उपचार करणारा डॉक्टर आणि पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ यांचे प्राथमिक मंडळ, मग दुय्यम मंडळ, शक्यतो अठ्ठेचाळीस तासांत एकेक निर्णय. दंडाधिकाऱ्यांना कळवायचे असते, त्यांच्या परवानगीसाठी थांबायचे नसते. रुग्णाने उपचारांविषयीचे इच्छापत्र (लिव्हिंग विल) आधी लिहून ठेवलेले नसेल तरीही कुटुंबाच्या संमतीने हा मार्ग खुला आहे. इच्छापत्रावर आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्ष पुरते. 2024 मध्ये गोव्यात मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचे इच्छापत्र नोंदवून सुरुवात करून दिली.

अडते ते दुय्यम मंडळापाशी. त्यातला एक डॉक्टर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमायचा असतो. कर्नाटकाने जानेवारी 2025 मध्ये परिपत्रक काढून अशा नेमणुकांची वाट मोकळी केली. महाराष्ट्रातल्या प्रत्येक मोठ्या रुग्णालयाने आपल्या जिल्ह्यातल्या अधिकाऱ्यांकडे या नेमणुकीसाठी आजच लेखी मागणी करावी आणि डॉक्टरांच्या संघटनांनी तिचा पाठपुरावा करावा. निर्णयाची वेळ शनिवारी रात्री आली तर कोणाला बोलवायचे, ते नाव आणि फोन नंबर आयसीयूच्या काउंटरवर लावलेले असायला हवे.