रस्ता झाला, मुक्कामाचे काय?

बुलढाणा (खास प्रतिनिधी) : समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा सुरू होऊन ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. शुक्रवारी सायंकाळी बेत ठरवावा आणि शनिवारी दुपारी लोणारच्या विवराकाठी उभे राहावे, हे आता शहरी कुटुंबांना सहज शक्य झाले आहे. परंतु शनिवारी रात्री राहायचे कोठे, या प्रश्नाचे उत्तर मात्र रस्त्याइतक्या वेगाने आलेले नाही.

जिल्ह्यात पाहण्यासारखे थोडे नाही. बेसॉल्ट खडकात उल्काघाताने तयार झालेले लोणारचे सरोवर नोव्हेंबर २०२० मध्ये रामसर यादीत समाविष्ट झाले. बुलढाणा-खामगाव मार्गावरील ज्ञानगंगा अभयारण्य सुमारे २०५ चौरस किलोमीटरचे आहे. टिपेश्वरहून निघालेला रेडिओ कॉलर लावलेला तरुण वाघ तेराशेहून अधिक किलोमीटरची पायपीट करून २०१९ च्या अखेरीस तेथे पोहोचला आणि या जंगलाचे नाव सर्वतोमुखी झाले. उत्तरेस संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या कुशीत अंबाबरवा अभयारण्य आहे. ते मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे.

निसर्ग पाहण्यास येणारा पर्यटक आणि देवदर्शनास येणारा भाविक यांची गाठ येथे एकाच खोलीच्या दारात पडते, ही या जिल्ह्याची खरी अडचण होय. १२ जानेवारीला जिजाऊ जन्मोत्सवासाठी सिंदखेड राजा येथे जनसागर लोटतो. माघ वद्य सप्तमीला शेगावी श्री गजानन महाराजांचा प्रकटदिन असतो आणि होळीच्या सुमारास सैलानीची यात्रा भरते. या तिन्ही पर्वण्या नेमक्या थंडी ते उन्हाळ्याच्या सुरुवातीस, म्हणजे सहलीच्या हंगामातच येतात. लोणारला पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान आहे. पण सलग सुट्यांच्या दिवशी तेथे ऐनवेळी खोली मिळेल, या भरवशावर घराबाहेर पडणे शहाणपणाचे नाही.

खोली मिळाली नाही, की बहुसंख्य मंडळी एकच निर्णय घेतात : रातोरात परत फिरायचे. येथे प्रश्न केवळ गैरसोयीचा राहत नाही. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेड राजाजवळ समृद्धी महामार्गावर खासगी बस पेटून २५ प्रवाशांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी १५ ऑक्टोबर रोजी, सैलानीचे दर्शन घेऊन नाशिककडे परतणाऱ्या भाविकांच्या वाहनाला वैजापूरजवळ मध्यरात्री अपघात झाला आणि १२ जण दगावले. प्रत्येक अपघाताची कारणे निराळी असतात आणि त्यांचे खापर मुक्कामाच्या अभावावर फोडता येणार नाही. तथापि, दिवसभर हिंडून थकलेल्या माणसाने सरळसोट रस्त्यावर रात्री शेकडो किलोमीटर गाडी हाकणे धोक्याचे आहे, हे सांगण्यास तज्ज्ञाची गरज नाही.

अमेरिकेतही डोंगराळ राष्ट्रीय उद्यानांभोवती हीच टंचाई जाणवते. तेथे स्वयंपाकघर व बिछाने असलेली फिरती घरे घेऊन कुटुंबे निघतात. त्यांच्यासाठीचे तळ कित्येक महिने आधीच भरतात. मग ऐनवेळी येणारा प्रवासी रद्द झालेल्या नोंदणीवर डोळा ठेवतो किंवा उद्यानाबाहेरील सरकारी जमिनीचा आसरा घेतो. तेथील भू-व्यवस्थापन विभागाच्या बहुतांश जमिनीवर एका ठिकाणी साधारणतः १४ दिवस राहता येते. उद्यानावरचा भार उद्यानाबाहेर पेलायचा, हे त्यामागील सूत्र आहे.

आपल्याकडे असे सूत्र अगदीच अपरिचित नाही. शेगाव संस्थानच्या भक्तनिवासात आगाऊ नोंदणीची पद्धत नाही; जो प्रथम येईल त्याला खोली. ऐनवेळी येणाऱ्याची सोय करणारी इतकी मोठी व्यवस्था आपल्याच जिल्ह्यात वर्षानुवर्षे शिस्तीने चालते, हे विसरता कामा नये. सरकारी निवासस्थानांतील काही खोल्या याच तत्त्वावर राखून ठेवण्यास हरकत कोणती?

राज्य शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणि २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले. लोणारसारख्या स्थळासाठी ही दोन्ही धोरणे विशेष उपयुक्त ठरावीत. सरोवराचे काठ, तेथील प्राचीन मंदिरे आणि अभयारण्य यांमुळे तेथे मोठी हॉटेले उभारणे शक्यही नाही आणि इष्टही नाही. उलट मेहकर, सुलतानपूर परिसरात, महामार्ग व लोणार यांच्या दरम्यान वाहनतळ, स्वच्छतागृहे, पाणी, वीज आणि पहारा एवढी सोय केली, तरी हंगामापुरती गर्दी सामावून घेता येईल आणि हंगाम सरताच जागा पुन्हा मोकळी होईल. अर्थात सांडपाण्याची विल्हेवाट ही त्यातील पहिली अट असली पाहिजे. गावाच्या सांडपाण्याने लोणारच्या क्षारयुक्त पाण्याचे आधीच पुरेसे नुकसान केले आहे. त्यात पर्यटकांची भर नको.

तोवर प्रवाशांनीही काही पथ्ये पाळणे आवश्यक आहे. अभयारण्यात परवानगीविना प्रवेश व मुक्काम करणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चा भंग आहे. महामार्गाच्या कडेला गाडी लावून झोपणे तर जिवावर बेतणारे आहे. लोणारला जागा नसेल, तर मेहकर, चिखली किंवा जालना गाठावे. ज्ञानगंगेसाठी खामगाव व बुलढाणा जवळ आहेत. निघण्याच्या आदल्या सायंकाळी आणि पोहोचण्याच्या दिवशी सकाळी दूरध्वनी केल्यास रद्द झालेली खोली हाती लागण्याची शक्यता असते. शेतात तंबू ठोकायचा असल्यास शेतमालकाची संमती आधी घ्यावी आणि कचरा सोबत परत न्यावा.

महामार्गाने माणसे आणली, हे शासनाचे यश मान्यच केले पाहिजे. पण दोन तास थांबून निघून जाणारा पर्यटक धूळ आणि प्लास्टिक मागे ठेवतो. रात्रभर राहणारा पर्यटक चहावाल्याला, खाणावळीला आणि घर भाड्याने देणाऱ्या कुटुंबाला चार पैसे देऊन जातो. जिल्ह्याने यांपैकी कोणता पाहुणा हवा, हे ठरविण्याची वेळ आली आहे.