रत्नागिरीचा बेत करतांना

उन्हाळ्याच्या सुटींत सहकुटुंब रत्नागिरीस जाण्याचा विचार कित्येक घरीं चालला असेल. १९९८ सालीं कोंकण रेल्वे पूर्ण झाल्यापासून हा प्रवास सुकर झाला आहे. मात्र तिकिटें फार आधीं काढावीं व वृद्धांसाठीं खालचे बर्थ मागावे. मे महिन्याचा पूर्वार्ध आम्हांस इष्ट वाटतो. हापूस तेव्हां भरांत असतो. जूनमध्यें पाऊस लागतो नि समुद्र खवळतो.

दमट उन्हांत सर्व स्थळें एकाच दिवशीं उरकणें वृद्धांस व मुलांस सोसत नाहीं. रत्नदुर्गावर सकाळीं जावें. टिळकांचें जन्मस्थान, १९३१ सालचें पतितपावन मंदिर व थिबाराजाचा राजवाडा हीं दुसरे दिवशीं पाहावीं. ब्रह्मदेशचा हा राजा १८८५ सालीं पदच्युत झाला आणि १९१६ सालीं रत्नागिरींतच निवर्तला, हें मुलांस राजवाड्यापुढें उभें करूनच सांगावें.

परंतु मुख्य गोष्ट निराळीच आहे. पुरुष नि मुलें समुद्रावर आणि स्त्रिया बिऱ्हाडीं स्वयंपाकांत, अशा सुट्या आम्हीं पुष्कळ पाहिल्या. गांव पालटलें, चूल सुटली नाहीं! म्हणून खोली ठरवितांना जेवणाची सोय प्रथम विचारावी. त्या खर्चापायीं मुक्काम एक दिवस घटला तरी हरकत नाहीं. वर्षभर घर सांभाळणाऱ्या सूनबाईस मांडवीच्या किनाऱ्यावर एक संध्याकाळ निवांत बसतां आलें नाहीं, तर ती सहल अर्ध्या कुटुंबाचीच झाली, असें आम्ही समजूं.