खेड्यातील शाळा आणि जगाची विज्ञान-स्पर्धा

बुलढाणा जिल्ह्याच्या खामगाव तालुक्यातील पिंपळगाव राजा येथून मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र गाठावयाचे, तर आधी एस.टी.ने रेल्वेच्या स्थानकापर्यंत जावे लागते आणि मग एक रात्र गाडीत काढावी लागते. हे अंतर केवळ मैलांचे नाही. शालेय मुलांच्या आंतरराष्ट्रीय विज्ञान-स्पर्धा जगात अर्धशतकाहून अधिक काळ भरत आल्या आहेत. त्यांत उतरणारा मुलगा मोठ्या शहरातला, शिकवणीवर्गांच्या सावलीत वाढलेला असावयाचा, हे जणू गृहीतच धरलेले होते. पिंपळगावसारख्या गावातील मुलाला या स्पर्धांची वार्ता लागे, ती वर्तमानपत्रात पदकविजेत्यांची छायाचित्रे छापून येत तेव्हाच. संगणकाच्या पडद्यावर भरणाऱ्या ऑनलाइन स्पर्धांमुळे ही स्थिती पालटण्याची शक्यता निर्माण झाली आहे. मात्र ती अद्याप शक्यताच आहे, आणि ती प्रत्यक्षात का उतरत नाही हा खरा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

पदार्थविज्ञानाचे आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाड १९६७ साली वॉर्सा येथे सुरू झाले आणि रसायनशास्त्राचे पुढच्याच वर्षी प्राग येथे. भारताचा संघ त्यांत उतरला तो १९९८ व १९९९ मध्ये, म्हणजे तीन दशकांनंतर. पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीचे कनिष्ठ विज्ञान ऑलिम्पियाड २००४ मध्ये जकार्ता येथे सुरू झाले व २०१३ मध्ये ते पुण्यात भरले. ऑगस्ट २०२५ मध्ये खगोलशास्त्राच्या ऑलिम्पियाडसाठी साठाहून अधिक देशांतील मुले मुंबईत आली होती. या साऱ्या स्पर्धा समक्ष भरणाऱ्या. २०२० च्या महामारीने तो शिरस्ता मोडला. त्या वर्षी रसायनशास्त्राची परीक्षा तुर्कस्तानने दुरूनच घेतली, आणि खगोलशास्त्राचे ऑलिम्पियाड भरू शकले नाही तेव्हा एस्टोनियाने त्याच्या जागी संगणकावरची जागतिक स्पर्धा घडवून आणली. रसायनशास्त्राच्या परीक्षेतून प्रयोग वगळावे लागले, ही उणीव लहान नव्हती. महामारी ओसरल्यावर या स्पर्धा पुन्हा समक्ष भरू लागल्या, ते योग्यच झाले. परंतु विज्ञानाची कसोटी हजारो मैलांवरून घेता येते, हे एकदा सिद्ध झाले ते झालेच.

शिवाय ज्यांना समक्ष भरण्याची गरजच नाही असे काही उपक्रम त्याआधीपासून चालू आहेत, आणि ग्रामीण शाळेच्या दृष्टीने तेच अधिक मोलाचे आहेत. अमेरिकेतील टेक्सास राज्यातून चालविली जाणारी ‘इंटरनॅशनल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सर्च कोलॅबरेशन’ ही लघुग्रह-शोधाची मोहीम हे त्यांतील ठळक उदाहरण. हवाई बेटांवरील हलेआकाला पर्वतावरच्या पॅन-स्टार्स दुर्बिणीने काही मिनिटांच्या अंतराने टिपलेली आकाशाच्या एकाच तुकड्याची चार छायाचित्रे जगभरच्या शाळांना पाठविली जातात. मुलांनी ती एकामागून एक पडद्यावर फिरवून पाहावयाची. तारे जागीच राहतात. एखादा ठिपका सरळ रेषेत पुढे सरकताना दिसला, तर त्याचे स्थान व तेज मोजून अहवाल पाठवावयाचा. त्यासाठी शुल्क नाही. साधा संगणक आणि बरी इंटरनेट जोडणी एवढी सामग्री पुरते. २०२० साली सुरतेच्या दोन शाळकरी मुलींनी याच मार्गाने एक लघुग्रह शोधला, ही बातमी देशभर गाजली होती. काटेकोर अर्थाने ही स्पर्धा नव्हे, मोहीम आहे. पण जगातल्या शेकडो शाळा एकाच वेळी तीच छायाचित्रे चाळीत असतात म्हटल्यावर चुरस ओघानेच येते.

पिंपळगाव राजा ज्या जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात लोणार आहे. काळ्या पाषाणावर उल्का आदळून पडलेले ते सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर पाहावयास देशोदेशीचे भूवैज्ञानिक येतात. जिल्ह्यातली मुले सहलीला जातात, डबे खातात आणि परततात. योगायोग असा की, ज्या दुर्बिणीची छायाचित्रे शाळांना मिळतात तिच्या आरशाचा व्यासही १.८ मीटरच आहे. आकाशातून आलेल्या दगडाने ज्या भूमीला एवढा खड्डा पाडला, तेथील मुलांनी आकाशातले असे दगड शोधण्याच्या कामात हात घालावा, यापरते उचित काय असेल? भूगोलाच्या पुस्तकातील लोणारचा एक परिच्छेद पाठ करण्यापेक्षा त्यातून त्यांना अधिक काही मिळेल.

या उपक्रमांचा लाभ म्हणजे प्रमाणपत्र अशी समजूत सर्वत्र रूढ झाली आहे. ‘नासा’चे नाव असलेला कागद मिळाला की सत्कार होतो, फलक लागतो. वास्तविक लाभ त्याआधीच पदरात पडलेला असतो. चार छायाचित्रे चाळताना मुलाला प्रथम दहा ठिपके हलल्यासारखे भासतात. त्यांतील बहुतेक यंत्रातले दोष असतात, काही आधीच ठाऊक असलेले लघुग्रह असतात. त्यांना एकेक करून बाद करावे लागते. आपल्याला जे हवेसे वाटते ते खरे आहे काय, हे स्वतःच तपासण्याची सवय शालेय शिक्षण क्वचितच लावते, कारण पाठ्यपुस्तकातील प्रयोगाचे उत्तर आधीच छापलेले असते. येथे ते कोणालाच ठाऊक नसते. आणि पाठविलेले मोजमाप ज्या केंद्रात तपासले जाते, तेथे शाळा बंगळूरची की बुलढाण्याची हे विचारले जात नाही. मोजमाप जुळले तर जुळले. जुळले तरी त्या पिंडाला अधिकृत क्रमांक मिळावयास कैक वर्षे जातात. तोवर मुलगा शाळाच काय, महाविद्यालयही सोडून गेलेला असतो. हे धैर्यही एक शिक्षणच आहे.

अशा शिक्षणाची निकड या जिल्ह्याला किती आहे, हे डिसेंबर २०२४ मध्ये दिसून आले. शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले आणि काही दिवसांत टक्कल पडू लागले. कोणी पाण्याला दोष दिला, कोणी शाम्पूला, कोणी विषाणूला; अफवांना ऊत आला. बाहेरगावचे लोक त्या गावांशी संबंध ठेवावयास कचरू लागले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पथक येऊन नमुने घेऊन गेले. पुढे विंचूदंशावरील संशोधनासाठी ख्यातनाम असलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी सेलेनियम या मूलद्रव्याच्या अतिरेकाकडे व शिधावाटपाच्या गव्हाकडे बोट दाखविले. शाळकरी मुलांनी हा छडा लावावयास हवा होता, असे कोणी म्हणणार नाही. परंतु कोणत्या घरात कोणत्या विहिरीचे पाणी, कोणत्या दुकानाचे धान्य आणि किती जणांना त्रास, एवढी नोंद नीट ठेवणारी दहा मुले प्रत्येक गावात असती, तर अफवांचे फावले नसते. नोंद, तुलना आणि शंका यांचेच शिक्षण या स्पर्धांतून मिळत असते.

पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा हा तर पिढ्यान्‌पिढ्यांचा प्रश्न. अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यातील भूजल खारट आहे, आणि त्याविषयीचे अहवाल कपाटे भरतील इतके आहेत. २०१५ साली गुगलच्या जागतिक विज्ञान-स्पर्धेत ओडिशातील दामनजोडी येथील तेरा वर्षांच्या मुलीने दहा हजार डॉलरचे पारितोषिक मिळविले, ते दाणे काढून फेकून दिलेल्या मक्याच्या कणसांतून सांडपाणी गाळण्याच्या प्रयोगासाठी. मका बुलढाण्यातही पिकतो आणि तशी कणसे येथल्याही खळ्यांवर पडलेली असतात. खारेपणा अशा गाळण्याने जाणार नाही, हे खरे. पण हे न जाण्याचे कारण शोधणे हाही नववीतल्या मुलासाठी वर्षभर पुरेल असा विषय आहे. गुगलची ती स्पर्धा आता बंद झाली आहे; एखाद्या कंपनीच्या मर्जीवर चालणाऱ्या उपक्रमांची मर्यादा त्यातून ध्यानात यावी.

दुसरा धोका अधिक जवळचा आहे. ‘आंतरराष्ट्रीय’ हे विशेषण लावून दरडोई शुल्क घेणाऱ्या, बहुपर्यायी प्रश्नांची एक पत्रिका सोडवून घेऊन जवळजवळ प्रत्येकाला पदक देणाऱ्या परीक्षांचा बाजार गावोगाव पोहोचला आहे. कापूस व सोयाबीनच्या भावावर ज्याचे वर्ष अवलंबून आहे, तो शेतकरी मुलाच्या हौसेपोटी हे पैसे भरतो. मुलाने काही मोजावयाचे आहे काय, आणि त्याचे मोजमाप दुसरे कोणी तपासणार आहे काय, एवढे दोन प्रश्न मुख्याध्यापकांनी विचारले तर यांतील बहुतेक परीक्षा शाळेच्या दाराबाहेरच राहतील.

इंग्रजीचे भय हा तिसरा अडसर सांगितला जातो. तो बराचसा आपणच उभा केलेला आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये प्रश्नपत्रिका मुलांच्या हाती पडण्यापूर्वी प्रत्येक देशाचे मार्गदर्शक रात्र जागवून ती आपापल्या भाषेत उतरवितात, आणि जपानी वा कोरियन मुलगा आपल्याच भाषेत उत्तरे लिहितो. जगाने जी सवलत नियम म्हणून मान्य केली आहे, ती महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या मुलाला घराजवळच्या पहिल्या पायरीवरही का मिळू नये? बालभारती विज्ञानाची पाठ्यपुस्तके मराठीतून काढते, मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून कार्य करीत आहे. लघुग्रह-मोहिमेसारख्या उपक्रमांच्या सूचनापुस्तिका मराठीत आणणे हे या संस्थांच्या आवाक्याबाहेरचे काम नव्हे.

राहता राहिला साधनांचा प्रश्न. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात शासकीय शाळांतून पाच वर्षांत ५० हजार अटल टिंकरिंग प्रयोगशाळा काढण्याची आणि ग्रामीण भागातील सर्व शासकीय माध्यमिक शाळांना भारतनेटद्वारे इंटरनेट जोडणी देण्याची घोषणा झाली. घोषणा स्वागतार्ह आहे, पण तिच्यातील ‘शासकीय’ हा शब्द महाराष्ट्राने नीट वाचावा. या राज्यातील माध्यमिक शिक्षणाचा मोठा भार खासगी अनुदानित शाळा वाहतात. त्यांचे शिक्षक शासनाच्या वेतनावर असले, तरी शाळा शासकीय ठरत नाहीत. त्या वगळल्या गेल्या तर ग्रामीण महाराष्ट्राचा फार मोठा भाग या योजनेबाहेर राहील. राज्य शासनाने ही गोष्ट दिल्लीच्या कानी घालावयास हवी, आणि तोवर जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून अशा शाळांना निदान जोडणी तरी द्यावयास हवी.

शिक्षकाचा वेळ मात्र कोणत्याही निधीतून विकत मिळत नाही. विज्ञानाच्या शिक्षकाला मतदारयाद्या व सर्वेक्षणे यांतून मोकळे केल्याखेरीज तो मुलांबरोबर पडद्यासमोर बसणार नाही. शाळा सुटल्यावर हे काम करून घ्यावे म्हटले, तर बाहेरगावाहून येणाऱ्या मुलींना संध्याकाळची एस.टी. गाठावयाची असते आणि मग संगणकासमोर मुलगेच उरतात. तेव्हा जे करावयाचे ते शाळेच्या वेळापत्रकातच बसवावे लागेल. शनिवारच्या सकाळच्या शाळेतील शेवटच्या दोन तासिका त्यासाठी राखून ठेवणे मुख्याध्यापकांच्या हाती आहे.