पोरांच्या हातच्या कामाची नोंद मार्कशीटवर कधी होणार?

मंडळी, पोस्ट थोडी लांब आहे. पण घरात आठवी-नववीतलं पोर असेल तर शेवटपर्यंत वाचा.

दहावीच्या निकालात कोकण बोर्ड राज्यात पहिलं, याची आपल्याला सवय झाली आहे. २०२५ ला ९८.८२ टक्के. अभिमान आहेच. पण याच जिल्ह्यात आंब्याच्या बागेत राखणीला नेपाळी गडी, बोटीवर नेपाळी खलाशी, आणि आपली पोरं बारावी झाली की मुंबईच्या गाडीत. इथल्या कामातही डोकं लागतं, पैसा मिळतो, हे शाळेत त्यांना कोणी सांगितलंच नाही.

कागदावर सोय झाली आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी १० दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे शिकावं, असं म्हटलंय. २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्गातल्या तासांसोबत प्रत्यक्ष कामाचे तासही मोजता येतात. ३० तासांना १ क्रेडिट. दिवसाचे ६ तास धरले तर ५ दिवसांत एक क्रेडिट होतं.

मग भीती कसली? कार्यानुभव आठवतो ना? दुकानातून विकत आणलेलं तोरण, आईने रात्री जागून केलेली फुलदाणी, आणि वर्गातल्या सगळ्यांना सारखेच मार्क. क्रेडिटचंही तसंच होणार असेल तर नकोच ते.

नीट केलं तर काय होतं, हे महाराष्ट्राने पाहिलेलं आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यात पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून आलेला मूलभूत तंत्रज्ञान हा विषय आठवी ते दहावीसाठी आपल्याच बोर्डाने मान्य केला. आठवड्यातला एक दिवस हाताने काम: वेल्डिंग, बांधकाम, वीज, शेती, आरोग्य. मुलांनी केलेली वस्तू किंवा सेवा गावाच्या उपयोगी पडायची. वाकडा जोड दिला तर गेट लागत नाही, तिथे पाठांतर चालत नाही.

आता आपल्याकडे बघा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. बोटी किनाऱ्यावर, जाळ्यांची आणि इंजिनांची दुरुस्ती चालू. समुद्रात न जाता शिकायला याहून चांगले दिवस कुठले? पावसाळ्यात नर्सऱ्यांमध्ये कलमं बांधतात. दिवाळीनंतर ओढ्यांवर वनराई बंधारे घालायचे असतात. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही मे महिन्यात आपल्या वाड्यांवर टँकर येतो, तिथे एका बंधाऱ्याला एक क्रेडिट काही जास्त नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. १९५३ मध्ये मद्रास राज्यात राजाजींनी अर्धा दिवस शाळा आणि अर्धा दिवस घरचा धंदा अशी योजना आणली. ही जातीचाच धंदा पोराच्या गळ्यात बांधायची युक्ती आहे म्हणून लोक खवळले, आणि १९५४ मध्ये ती गुंडाळावी लागली. बरोबरच झालं. म्हणून आपल्याकडे नियम उलटा हवा. बागायतदाराचा मुलगा जेट्टीवर जाऊदे, मच्छीमाराची मुलगी नर्सरीत, आणि डॉक्टरांचा मुलगा बंधाऱ्यावर पोती भरायला. ‘हुशार’ मुलांना सूट नको. तशी सूट दिली की हा विषय गरिबांचा ठरला म्हणून समजा.

मागण्या तीनच आहेत:

१. नोंदीवर शिक्षकांसोबत मिस्त्री, बागायतदार किंवा ग्रामपंचायतीची सही हवी. काय केलं आणि काय जमलं नाही, हे दोन ओळींत लिहिलेलं हवं.

२. फुकटची मजुरी नको. समुद्र, उंच झाडं, औषध फवारणी यांपासून मुलं लांब. शिकवणाऱ्या कारागिराला मानधन द्या, त्याचा दिवस मोडतो.

३. हे क्रेडिट दहावीच्या गुणपत्रिकेवर छापलेलं दिसायला हवं. जे तिथे दिसत नाही त्यासाठी ना पालक वेळ देणार, ना शाळा.

शाळा व्यवस्थापन समितीत आपल्यापैकी बरेच जण आहेत. पुढच्या बैठकीत एवढंच विचारा: यावर्षी आपली मुलं कोणाकडे, किती तास शिकायला जाणार? उत्तर काय मिळालं ते खाली कमेंटमध्ये लिहा. आणि तुम्ही स्वतः मिस्त्री, मेकॅनिक, बागायतदार असाल तर तेही सांगा. दोन पोरं तुमच्याकडे पाठवली तर शिकवाल ना?