रोहिणी म्हणजे नळी नव्हे

विद्यार्थी मित्रहो, परीक्षेत ‘रोहिणी व नीला यांतील फरक’ विचारला, की हृदयाकडून रक्त नेते ती रोहिणी, हृदयाकडे आणते ती नीला, असे तुम्ही चटकन लिहिता. गुणही मिळतात. पण हे उत्तर अपुरे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याने रोहिणी ही पाण्याच्या पाइपासारखी निर्जीव नळी आहे, अशी समजूत मनात पक्की बसते.

पाइप आपणहून अरुंद-रुंद होत नाही. रोहिणीच्या बारीक फांद्या, म्हणजे रोहिणिका, होतात. त्यांच्या भिंतीत अनैच्छिक स्नायूंची वेटोळी असतात. स्नायू आवळले की वाट अरुंद होते, सैलावले की रुंद. इथले गणित मोठे गमतीचे आहे. दाब तोच ठेवून त्रिज्या निम्मी केली, तर प्रवाह निम्मा नव्हे, सुमारे सोळावा हिस्सा उरतो! विश्रांतीच्या वेळी हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त ढकलते; त्यातला जेमतेम पाचवा हिस्सा हातापायांच्या आणि इतर हालचालींच्या स्नायूंना मिळतो. तुम्ही जोरात धावू लागलात की स्नायूंतल्या रोहिणिका उघडतात, आतड्यांकडच्या आवळतात, आणि वाढलेल्या रक्तप्रवाहाचा बहुतेक भाग स्नायूंकडे वळतो.

हा कारभार मज्जातंतूंच्याही हाती असतो. १८५१ साली फ्रान्समध्ये क्लोद बेर्नार यांनी सशाच्या मानेतला एक मज्जातंतू कापला, तेव्हा त्या बाजूचा कान गरम झाला. आवळून धरणारा हुकूमच थांबला होता!

मग रक्तदाब कोण ठरवते? एकटे हृदय नव्हे. साऱ्या रोहिणिका एकदम सैल पडल्या, तर धडधाकट हृदयालाही दाब टिकवता येणार नाही. ‘माझे हृदय ठणठणीत आहे, मग रक्तदाबाची गोळी कशाला?’ असे म्हणणारी वडीलधारी माणसे घरोघरी असतात. त्यांना सांगा, की अ‍ॅम्लोडिपिनसारखी गोळी मुख्यतः रोहिणिकांचे स्नायू सैलावते. डॉक्टरांना न विचारता ती बंद केली, तर दाब पुन्हा चढतो. आणि बहुधा चढल्याचे जाणवतही नाही.

शिक्षकांना एक विनंती. एका मुलाला पाच मिनिटे निजवून त्याची नाडी मोजा, मग उभे करून लगेच मोजा. बहुधा ठोके वाढलेले आढळतील. उभे राहताच रक्त पायांकडे उतरते. मानेतल्या रोहिणीच्या भिंतीतील मज्जातंतूंना दाब घटल्याचे कळते, आणि मेंदूकडून हृदयाला व रोहिणिकांना हुकूम सुटतात. हृदयाचे काम मुले मोजतील. रोहिणिकांचे मात्र तुम्हालाच सांगावे लागेल, कारण ते बोटाला लागत नाही.