टायर चमकवा, पण बेताने

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आयुधपूजा आली, की चेन्नईच्या वेस्ट मांबलममधल्या गल्ल्यांतून मोटारी धुण्याची एकच लगबग उडते. गाडीला गंध, हार आणि चाकांखाली लिंबू! महाराष्ट्रात खंडेनवमी-दसऱ्याला होते तसेच. गाडी लखलखते, पण पॉलिश लावूनही चार दिवसांत टायर तपकिरी दिसू लागतात. असे का व्हावे?

ऊन आणि हवेतला ओझोन यांपासून रबर टिकावे म्हणून टायर बनवतानाच त्यात मेण व संरक्षक रसायने मिसळतात. ती हळूहळू पृष्ठभागावर येतात आणि हवा लागून तपकिरी होतात. हा थर आणि धूळ न काढता वरून पॉलिश फासले, तर ते टिकणार कसे?

टायर धुवायचे ते सावलीत आणि थंड असतानाच. २०१९ च्या उन्हाळ्यात पाण्यासाठी रांगा लावलेल्या चेन्नईकरांना सांगायला नकोच, की नळी सोडण्यापेक्षा बादली बरी. सौम्य कार-शाम्पूच्या पाण्यात नायलॉनचा ब्रश बुडवून टायरची बाजू घासावी. तपकिरी फेस पांढरा होईपर्यंत पुन्हा घासावे. मग स्वच्छ धुऊन टायर पूर्ण वाळू द्यावा. रॉकेल किंवा डिझेल मात्र लावू नये. त्याने क्षणभर काळेभोर दिसते, पण रबर फुगते व कमजोर होते.

पाण्यात मिसळलेले, दुधासारखे दिसणारे टायर-पॉलिश चांगले. स्पंजवर थोडेसे घेऊन पातळ हात द्यावा, दहा-पंधरा मिनिटांनी कोरड्या फडक्याने पुसावे. जास्तीचे राहिले तर चाक फिरताच रंगावर शिंतोडे उडतात. हवा तर दुसरा पातळ हात द्यावा.

पॉलिश फक्त बाजूला लावावे. रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीवर आणि ब्रेकवर ते लागता कामा नये. चाक घसरू शकते. स्कूटर-मोटारसायकल वळताना टायरच्या कडेवर झुकते, म्हणून दुचाकीच्या टायरला ते लावूच नये.

वेस्ट मांबलमच्या लेक व्ह्यू रोडच्या नावात तळे उरले आहे, प्रत्यक्षात ते कधीच बुजले. डिसेंबर २०१५ आणि डिसेंबर २०२३ मध्ये या भागात पाणी शिरले होते. अशा ओल्या रस्त्यावर चमक उपयोगाची नाही. पाणी बाहेर फेकतात त्या टायरच्या खाचा. मोटारीच्या टायरची खाच किमान १.६ मि.मी. हवी. खाचांतले छोटे उंचवटे नक्षीच्या बरोबरीला आले, की टायर बदलायची वेळ झाली.

घरची गाडी बहुधा उभीच असते. तिची नक्षी शाबूत दिसते, पण उष्णतेने रबर म्हातारे होते आणि पॉलिशखाली बारीक भेगा लपतात. म्हणून पॉलिश लावण्यापूर्वी भेगा, रुतलेले खिळे आणि फुगवटा पाहून घ्यावा. फुगवटा म्हणजे आतले धागे तुटल्याची खूण. तो टायर ताबडतोब बदलावा. बाजूवरील डीओटी या अक्षरांच्या ओळीतले शेवटचे चार आकडेही वाचावेत. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा.

हीच तपासणी डिकीतल्या स्टेपनीचीही करावी. ती घासली जात नाही, पण जुनी मात्र होतेच.