बँकॉकचे चार दिवस आणि 'हे सारे आपलेच'

अलीकडे आपल्या व्यवसायबंधूंमध्ये परदेशी सहलीस जाण्याचे प्रमाण बरेच वाढले असून त्यांत बँकॉकचा क्रमांक वरचा आहे. त्याची कारणे उघड आहेत. मुंबईहून चार-साडेचार तासांचा विमानप्रवास, आवाक्यातला खर्च आणि दवाखाना फार दिवस बंद ठेवावा लागत नाही ही मोठी सोय. वैद्यालाही विश्रांती हवी, कुटुंबाला वेळ द्यावयास हवा. तेव्हा या सहलींविषयी प्रस्तुत लेखकाची काहीच तक्रार नाही. बँकॉक म्हटले की आपल्याकडे ओठांतल्या ओठांत हसण्याची एक रीत आहे, तिच्याकडेही तूर्त दुर्लक्ष करू. तक्रार आहे ती परत आल्यावर शाखेच्या बैठकीत ऐकू येणाऱ्या एका वाक्याविषयी. "अहो, तिकडे पाहण्यासारखे वेगळे काय आहे? रामायण आपले, ब्रह्मदेव आपला, औषधेही आपलीच. सगळे आपल्याकडूनच गेलेले!"

हे वाक्य अभिमानाने उच्चारले जाते आणि तेथेच विषय संपतो. माझे म्हणणे असे की, वैद्याच्या दृष्टीने विषय तेथे सुरू व्हावयास हवा.

गेल्या हिवाळ्यात आम्ही सहा वैद्य सहकुटुंब या शहरी गेलो होतो. कार्यक्रम नेहमीचाच: सफारी पार्क, तरंगता बाजार, जवाहिराचे दुकान, रात्री नदीतून नौकाविहार. वाट फो या विहारासाठी अवघी चाळीस मिनिटे राखून ठेवलेली. ('वाट' म्हणजे विहार किंवा मंदिर, आपल्या वाटेशी त्याचा संबंध नाही.) तेथे ४६ मीटर लांबीची, पहुडलेल्या बुद्धाची सोन्याने मढविलेली मूर्ती आहे. तळपायांवर शिंपल्यांच्या जडावाने १०८ मंगलचिन्हे कोरलेली आहेत. मूर्तीच्या पाठीमागे ओळीने मांडलेल्या १०८ कांस्यपात्रांत नाणी टाकीत जाण्याची प्रथा आहे, त्या नाण्यांचा नाद सभागृहात अखंड चालू असतो. हे पाहून, छायाचित्रे काढून मंडळी बसकडे वळतात. ज्यासाठी वैद्याने तेथे जावे ते सारे त्या सभागृहाच्या बाहेर, अंगणातल्या मंडपांत आहे. दुसऱ्या दिवशी मंडळी खरेदीस गेली असता सौ. आणि मी पुन्हा तेथे गेलो आणि दुपारपर्यंत थांबलो.

त्या मंडपांच्या भिंतींवर संगमरवरी शिला बसविलेल्या आहेत. कोठे मनुष्याकृती रेखाटून तिच्यावर शरीरातील रेषा व दाबावयाचे बिंदू दाखविले आहेत, कोठे औषधी योग कोरले आहेत, कोठे बालरोगांची लक्षणे. राजा तिसरा राम (राज्यकाल १८२४ ते १८५१) याने १८३२ च्या सुमारास या विहाराचा मोठा जीर्णोद्धार हाती घेतला, तेव्हा वैद्यक, इतिहास, काव्य, नीती असे नाना विषय शिलांवर कोरविले. असे चौदाशेहून अधिक लेख तेथे आहेत आणि २०११ मध्ये युनेस्कोने 'जागतिक स्मृती' नोंदवहीत त्यांचा समावेश केला. अंगणात कृत्रिम टेकड्यांवर ऋषींच्या लहान मूर्ती आहेत. कोणी मान वळविली आहे, कोणी पाय खांद्याकडे ओढला आहे, प्रत्येक आसन अमुक व्याधीसाठी. १८३६ मध्ये या मूर्ती धातूच्या ओतल्या गेल्या. मूळच्या सुमारे ऐंशींपैकी आता थोड्याच उरल्या आहेत.

या शिलांमागे एक दुःखद इतिहास आहे. १७६७ मध्ये ब्रह्मी सैन्याने अयुथ्या ही जुनी राजधानी जाळली आणि ग्रंथभांडारे नष्ट झाली. वैद्यांच्या कुटुंबांत उरलेले, कोणाच्या स्मरणात राहिलेले तेवढेच वाचले. पोथी जळते, वैद्य मरतो, शिला राहते, हा धडा त्या राजघराण्याने घेतला असावा. आणि शिला राजवाड्याच्या कोठारात न ठेवता विहाराच्या अंगणात बसविल्या, जेथे येणाऱ्या-जाणाऱ्या कोणालाही त्या वाचता येतील.

येथे आपल्या घरची आठवण होणे अपरिहार्य आहे. आमच्या तालुक्यात कावीळीवर झाडपाल्याचे औषध देणारे एक वृद्ध गृहस्थ होते. पहाटे रानात जाऊन पाला आणावयाचा, कोणी पाठीमागे येत नाही हे पाहावयाचे, वाटून द्यावयाचे, पैसे घ्यावयाचे नाहीत. 'सांगितले तर गुण जातो' ही श्रद्धा. त्या औषधाने खरोखर किती रुग्ण बरे होत होते आणि किती आपोआप बरे होणारे होते, हे आता कधीच कळणार नाही. कारण वनस्पतीचे नाव त्यांच्याबरोबर गेले. अशी उदाहरणे प्रत्येक वाचकाच्या गावी असतील. हाडे बसविणारे, नागिणीवर लेप देणारे, दातांची कीड काढणारे. त्यांतले काही भोंदू होते, काही नव्हते. पारखण्याची संधी मात्र आपण गमावली. भारत सरकारने २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचे अंकीय ग्रंथालय उभारले, हळदीच्या पेटंटचा १९९७ मध्ये निकाल लागल्यानंतर तसे करणे अगत्याचेच होते. परंतु त्याची दारे प्रामुख्याने पेटंट कार्यालयांसाठी उघडली गेली. इतरांसाठी ती उघडण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाची मान्यता मिळावयास २०२२ साल उजाडले. शिवाय त्यात संहितांतले योग आहेत, आमच्या तालुक्यातल्या त्या गृहस्थांचा पाला नाही.

आता 'आपलेच' या शब्दाकडे वळू. त्या शिलांवरील शरीररेषांना थाई वैद्यकात 'सेन' म्हणतात. मुख्य सेन दहा, त्यांतल्या पहिल्या तिघींची नावे सुमना, इत्था आणि पिंगखला. सुषुम्ना, इडा, पिंगला! आमच्या गटातले एक ज्येष्ठ वैद्य हे ऐकून हर्षभरित झाले. "बघा, मी म्हणत नव्हतो?" परंतु पुढे पाहावे तर इत्था नाभीपाशी उगम पावते, डाव्या मांडीत उतरते, तेथून वळून पाठीवरून वर चढते आणि डाव्या नाकपुडीशी संपते. आपली इडा मांडीत कशाला उतरेल? नाव आपले, मार्ग त्यांचा. हाताच्या अंगठ्याने पाय दाबीत दाबीत पिढ्यान् पिढ्या जे जाणवले, त्याला त्यांनी आलेल्या नावांचे वस्त्र चढविले, असे मला वाटते. हा माझा तर्क आहे. पण नाव पाहून थांबलो असतो तर तो करण्याचीही वेळ आली नसती.

महाभूतांचेही तसेच. थाई वैद्यक शरीर चार धातूंचे मानते: पृथ्वी, आप, वायू, तेज. पृथ्वीचे २० भाग, आपाचे १२, वायूचे ६ आणि तेजाचे ४, असे एकूण ४२. 'धातू' हा शब्द येथे रसरक्तादी सप्तधातूंच्या अर्थी नसून बौद्ध परंपरेतील मूलतत्त्वाच्या अर्थी आहे. चरकातील षड्धातुज पुरुषाची ज्यांना आठवण आहे त्यांस तो परका वाटणार नाही. आकाश मात्र त्यांच्या मोजणीत नाही. वात, पित्त आणि 'सेमहा' म्हणजे श्लेष्मा हे त्रिदोष आहेत, पण चार धातूंच्या चौकटीत बसविलेले.

खरा आनंद झाला तो ऋतुचर्येत. त्यांचे ऋतू तीन: उन्हाळा, पावसाळा, हिवाळा. उन्हाळ्यासाठी त्रिफला, पावसाळ्यासाठी त्रिकटू आणि हिवाळ्यासाठी 'त्रिसान' नावाचा तिसरा योग, जो आपल्या संहितांत या रूपात नाही. चा-फ्लू या मिरीच्या कुळातील वनस्पतीचे मूळ, त्याच कुळातील सखान वेलीचे खोड आणि तांबड्या चित्रकाचे मूळ ही त्यातील द्रव्ये. याच तिहींत दीप्ली आणि सुंठ मिळविली की 'बेंचकून' तयार होते. पिप्पली, पिप्पलीमूळ, चव्य, चित्रक, नागर हे पंचकोल डोळ्यांपुढे आणून पाहावे! पिंपळीमुळाच्या जागी चा-फ्लू, चव्याच्या जागी सखान. त्यांची दीप्लीसुद्धा आपली पिंपळी नव्हे. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ती आपल्या चव्याकडे झुकते. (चव्य म्हणून आपल्या बाजारात काय काय मिळते, ते येथे लिहावयास नको.) याओवारात या चिनी वस्तीत सुक्या औषधींची जुनी दुकाने आहेत. तेथे ही द्रव्ये हातात घेऊन, चावून पाहिली. सखान तिखट लागतो, पण पिंपळीइतका जिभेवर रेंगाळत नाही.

योगाचा सांगाडा राखून प्रत्येक द्रव्य आपल्या रानातून निवडणे, ऋतू सहाचे तीन करणे, ही नक्कल नव्हे. देशानुसार विचार करा असे आपले शास्त्र सांगते, तो विचार त्यांनी करून दाखविला. गंगेच्या दक्षिणेस पाऊस अधिक म्हणून प्रावृट् व वर्षा हे दोन ऋतू आणि उत्तरेस थंडी अधिक म्हणून हेमंत व शिशिर, असा भेद टीकाकारांनी केला आहे, हे आपण विद्यार्थिदशेत पाठ केले. रत्नागिरीत दवाखाना चालविणारा वैद्य आणि सोलापुरात चालविणारा वैद्य मात्र रुग्णाच्या हाती ऋतुचर्येचे एकच छापील पत्रक देतो. सांगावे तर राग येतो.

मर्दनाविषयी थोडे. थाई मर्दन कोरडे असते. अंगावर सैल कपडे, तेल नाही, आरंभ पायांपासून. अभ्यंगापेक्षा ते सुश्रुतोक्त संवाहनाच्या जवळचे आहे. सोबत औषधींची पुरचुंडी वाफवून शेकतात. तीत प्लाय नावाचा आल्याच्या कुळातील कंद, हळद, गवती चहा, चिंचेचा पाला, कापूर असतो. आपली पोटलीच, फक्त निर्गुंडी-एरंडाच्या जागी त्यांचे द्रव्य. हे शिकविणारी शाळा विहाराच्या आश्रयाने १९५५ मध्ये सुरू झाली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सरकारी वैद्यकीय शिक्षणातून पारंपरिक वैद्यक बाहेर पडले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या शाळेचे मोल कळते. पुढे १९९९ मध्ये पारंपरिक थाई वैद्यकाच्या संरक्षणाचा कायदा झाला, २००२ मध्ये आरोग्य मंत्रालयात त्यासाठी स्वतंत्र विभाग निघाला आणि २०१९ मध्ये थाई मर्दनाचा युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश झाला.

तेथे सारेच आलबेल आहे असे मुळीच नाही. त्याच शहरात त्याच नावाने दुसराच व्यवसाय चालतो आणि ओठांतल्या हसण्याचे कारण तेच. पण हसण्याचा अधिकार आपल्याला कितपत आहे? निदान नाही, अग्निपरीक्षा नाही, तासावर दर, फुलांच्या पाकळ्या आणि बासरीची ध्वनिमुद्रिका, असे 'पंचकर्म' आपल्याकडील किती विश्रामगृहांत विकले जाते? त्यांतल्या काहींच्या पाटीवर आपल्याच पदवीधारकाचे नाव असते.

काही सहकाऱ्यांचा आक्षेप असा की, योग भिंतीवर लिहिले तर जो तो स्वतःच वैद्य होईल. शिलेवरचा योग वाचून कोणी वैद्य होत नाही, म्हणूनच तर शेजारी शाळा आहे. आणि घरोघरी मोबाइलवर कोणीही काहीही औषध सांगत असताना केवळ वैद्याने तेवढे गुपित राखावे, यात कोणाचे रक्षण होते हे मला उमगलेले नाही.

राजवाड्यालगतच्या वाट फ्रा केओ या मंदिरात जीवकाची मूर्ती आहे. बुद्धाचा वैद्य, तक्षशिलेचा विद्यार्थी, ज्याला औषधी नाही अशी एकही वनस्पती सापडली नाही तोच हा जीवक. थाई वैद्य त्याला आद्यगुरू मानून वंदन करतात. (काश्यपसंहितेतील वृद्धजीवकाशी त्याची गल्लत आपल्याकडे पुष्कळदा होते.) राजगृहाचा हा वैद्य आपल्या किती महाविद्यालयांत धन्वंतरीच्या शेजारी दिसतो? 'आपलेच' म्हणणाऱ्यांनी एवढे पाहावे.

यंदा शाखेच्या सहलीचा विचार होईल तेव्हा दोन गोष्टी व्हाव्यात. वाट फोसाठी पूर्ण एक दिवस आणि याओवारातसाठी अर्धा दिवस राखून ठेवावा. सनाम चाय हे भुयारी रेल्वेचे स्थानक २०१९ मध्ये झाल्यापासून विहार तेथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, बसची वाट पाहावी लागत नाही. सकाळी आठला पोहोचावे, दहानंतर गर्दी आणि ऊन दोन्ही सोसवत नाही. दुसरे, जाण्यापूर्वी प्रत्येक सदस्याने आपल्या तालुक्यातील एका वैदूकडून एक औषध त्याच्या संमतीने, त्याच्या नावानिशी लिहून आणावे. वनस्पतीचा वाळविलेला नमुना सोबत असावा. हा प्रस्ताव मी कार्यकारिणीकडे लेखी दिला आहे. आमच्या तालुक्यात नागिणीवर लेप देणाऱ्या एक आजी आहेत, वय ऐंशीच्या पुढे. त्यांना दोनदा भेटून आलो. पहिल्या खेपेस चहा मिळाला. दुसऱ्या खेपेस त्यांनी पाला दाखविला, नाव अजून सांगितलेले नाही.